विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च

(खानदेशातील बागाईतदार शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या जळगाव-धुळे भागात दोन बागाईतदार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विहिरीला पाणी किती आहे?" दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो म्हणजे, "पाणी कसे आहे?" आज मला प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. हे दोन प्रश्न आपण समजतो तितके वेगळे नाहीत. पाणी किती उपसले आणि कसे दिले, यावरच पुढच्या पाच-दहा वर्षांत ते गोडे राहणार की खारवट होणार, हे ठरत असते. म्हणून विहिरीचा जमाखर्च मांडताना पाण्याबरोबर क्षारांचाही मांडला पाहिजे.

आपल्या पायाखाली काय आहे?

खानदेशात भूजलाची दोन प्रकारची कोठारे आहेत. पहिले तापीकाठचे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर आहेत. त्यात वाळूचा थर, मग चिकणमातीचा थर, पुन्हा वाळू अशी रचना आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र गोटे, खडी आणि जाड वाळूचा पट्टा आहे. सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या डोंगरातून उतरून याच पट्ट्यावरून वाहतात आणि त्यांचे पाणी तेथेच सर्वांत जास्त मुरते. केळीच्या बागांना जे पाणी आपण ट्यूबवेलने देतो, त्याचे मोठे प्रवेशद्वार हा पायथा आहे.

दुसरे कोठार काळ्या कातळातले. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव अशा बऱ्याच भागात जमिनीखाली बेसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी राहते ते फक्त भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. साक्री-धुळे भागात शिवारातून काळ्या दगडाच्या उभ्या भिंती गेलेल्या आपण पाहतो. त्यांना भूशास्त्रात डाईक म्हणतात. डाईक घट्ट असेल तर तो जमिनीखालच्या बंधाऱ्याचे काम करतो. त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी आणि खालच्या अंगाची कोरडी, असा प्रकार त्यामुळे घडतो. नवी विहीर घेण्यापूर्वी पाणाड्याच्या बरोबरीने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा, तो याचसाठी.

वर्षाची मिळकत किती?

आता जमेची बाजू पाहू. धुळ्याकडे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर कातळाच्या जमिनीत त्यातला शेकडा सात ते दहा भागच खोल मुरतो. म्हणजे अंदाजे ५० मिलिमीटर. तापीच्या गाळाच्या जमिनीत हे प्रमाण शेकडा वीसपर्यंत जाते. ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर मिळकत १४० मिलिमीटर.

खर्चाची बाजू अशी. मोकाट पाण्यावरच्या केळीला वर्षभरात सुमारे १८०० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे गाळाच्या जमिनीत केळीचे एक एकर १२ ते १३ एकरांवर मुरलेला पाऊस पिते. कातळाच्या जमिनीत हाच आकडा ३६ एकर होतो. याउलट कापसाला संरक्षित पाण्याच्या दोन-तीन पाळ्या दिल्या तर तीन एकरांची मिळकत पुरते. केळी लावू नका, असा याचा अर्थ नाही. पण केळी लावणाऱ्याने आपण किती एकरांचे पाणी वापरतो आहोत, हे जाणून घ्यावे. भूजलाच्या अनेक मूल्यांकनांत रावेर आणि यावल या तालुक्यांची नोंद अतिवापराचे तालुके म्हणून झाली, त्याचे कारण या साध्या त्रैराशिकात आहे.

यावर कोणी म्हणेल, मोकाट दिलेल्या पाण्यातले काही परत मुरून विहिरीतच येते ना? येते. पण ते एकटे येत नाही. पीक फक्त पाणी पिते, क्षार मागेच ठेवते. मुरणारे पाणी ते क्षार आणि वाया गेलेले खत घेऊन खाली उतरते. तेच पाणी आपण पुन्हा उपसतो आणि पुन्हा देतो. दर फेऱ्याला ते थोडे अधिक दाट होते. आपल्या विहिरी हळूहळू खारवट होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

खोल गेले की पाणी बदलते

पावसाचे गोडे पाणी वरून येते, म्हणून ते वरच्या थरात असते. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांवर. तेथे नदी नाही, खाली चोहीकडे समुद्राचे खारे पाणी. मुरलेला पाऊस हलका असल्यामुळे तो खाऱ्या पाण्यावर सायीसारखा तरंगतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर तत्त्वतः खाली ४० फूट गोडे पाणी असते. पण पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते. अशा ठिकाणी मोठी मोटार लावून जोरात उपसा केला तर विहीर आटण्याआधी खारी होते.

आपल्याकडे समुद्र नाही. पण तत्त्व तेच आहे. खोल थरातले पाणी जुने असते, मातीशी आणि खडकाशी त्याचा संबंध दीर्घकाळ आलेला असतो, त्यामुळे त्यात क्षार सहसा जास्त असतात. आपली शेजारीण पूर्णा नदी चांगदेवला तापीला मिळते. तिच्याच खोऱ्यात वर अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला देता येत नाही आणि माणसाला पिता येत नाही. तेथील शेतकरी शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून एक-दोन संरक्षित पाळ्या देतो. तो खारेपणा निसर्गतःच आहे, माणसाने केलेला नाही. पण पाणी नसणे आणि पाणी असून उपयोगी नसणे यांत काही फरक राहत नाही, हे शिकायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. बोअर आणखी शंभर फूट खाली नेताना हा विचार जरूर करावा.

पाण्याबरोबर मीठही येते

विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालात विद्युत वाहकतेचा आकडा असतो. त्यालाच ई. सी. म्हणतात. हा आकडा १ असेल तर एक लिटर पाण्यात सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. लिटरमागे हे किरकोळ वाटते. पण वर्षभरात एका एकरास एक मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते होते सुमारे ४० लाख लिटर. त्यातून आपण एकरात सुमारे २६ क्विंटल क्षार टाकतो. ५० किलोच्या ५२ गोण्या! बांधावर कोणी ५२ गोण्या क्षार आणून उतरवले तर आपण भांडायला उठू. पाण्यातून येतात म्हणून ते दिसत नाहीत.

हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात यातले बरेच क्षार धुऊन जातात. आपल्या भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असल्याने ते साठत जातात. केळीच्या पानांच्या कडा करपणे, वाफ्याच्या वरंब्यावर पांढरा थर येणे, ठिबकच्या तोट्यांवर पांढरी पुटे चढणे या सूचना आहेत. जमीन ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होऊ लागली, पाणी मुरेनासे झाले, तर ती चोपण होत चालली आहे असे समजावे.

तपासणीचा कागद कसा वाचावा?

पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा करावी. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. मोटार १५-२० मिनिटे चालू ठेवून मग नमुना घ्यावा. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. त्यावर नाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहावी. नमुना शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्र येथे याबाबत मार्गदर्शन मिळते.

अहवालात तीन आकडे मुख्य आहेत.

१) विद्युत वाहकता : ०.७५ पर्यंत पाणी बहुतेक पिकांना चांगले. ०.७५ ते २.२५ पर्यंत जपून वापरावे, निचरा हवा. २.२५ च्या वर क्षार सहन करणारी पिके आणि चांगला निचरा असल्याशिवाय देऊ नये. केळी, कांदा, घेवडा ही पिके क्षारांना नाजूक आहेत. मका मध्यम. कापूस, ज्वारी आणि गहू बऱ्यापैकी सोसतात. पाणी खारवट असेल तर केळीचा आग्रह सोडून दादर, गहू, कापूस यांचा विचार करावा.

२) सोडियमचे गुणोत्तर, म्हणजे एस. ए. आर. : १० पेक्षा कमी असेल तर चांगले. १८ च्या पुढे धोका वाढतो. भारी जमिनीत १० च्या पुढेच सावध व्हावे.

३) उरलेले सोडियम कार्बोनेट, म्हणजे आर. एस. सी. : १.२५ पेक्षा कमी असेल तर निर्धोक. १.२५ ते २.५ मध्यम. २.५ च्या वर असे पाणी सुधारल्याशिवाय देऊ नये. सुधारण्याचा उपाय जिप्सम. एका एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर आर. एस. सी. चा एक आकडा कमी करण्यासाठी सुमारे साडेसतरा किलो शुद्ध जिप्सम लागते. अहवालातला आकडा ४ असेल आणि तो २ वर आणायचा असेल, तर पाळीला ३५ किलो. बाजारातील जिप्समची शुद्धता पाहून हे प्रमाण वाढवावे.

पिण्याच्या विहिरीत युरिया

आता चौथा आकडा. तो पिकापेक्षा घरातल्या लेकराशी संबंधित आहे. तो म्हणजे नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी वरच्या दुधात मिसळून सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, बाळ निळसर पडते आणि प्रसंगी जिवावर बेतते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटल्याने नायट्रेट अधिक दाट होते. तुरटी किंवा क्लोरिननेही तो जात नाही.

हे नायट्रेट येते कोठून? मुख्यतः आपल्या युरियातून, विहिरीजवळच्या उकिरड्यातून, गोठ्यातून आणि शोषखड्ड्यातून. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. ते मोठ्या हप्त्यांनी टाकून वर मोकाट पाणी दिले की मुळांनी न घेतलेला भाग विहिरीच्या वाटेला लागतो.

यातही एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम असेल आणि एकराला वर्षात एक मीटर पाणी दिले, तर त्या पाण्यातूनच सुमारे ४० किलो नत्र मिळते. म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या युरिया. आपण एकदा विकत घेऊन टाकलेला युरिया विहिरीतून परत येतो आहे आणि आपण त्यावर पुन्हा युरिया टाकतो आहोत. पाणी तपासा, आणि जितके नत्र पाण्यात आहे तितके खतातून वजा करण्याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्या. खर्चही वाचेल आणि विहीरही. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले, तर ते पाणी शेताला ठेवा आणि बाळासाठी दुसऱ्या सुरक्षित ठिकाणचे पाणी आणा.

पाणी द्यावे कसे?

आधी मोजावे. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा. तो ४० सेकंदांत भरला तर मोटार तासाला १८,००० लिटर पाणी देते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर एकरात सुमारे १,७८० केळी बसतात. भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला २० लिटर धरले, तर लागते ३५,६०० लिटर. म्हणजे जेमतेम दोन तास. वीज आहे तोवर मोटार चालू ठेवायची, ही पद्धत सोडून द्यावी.

ठिबक सिंचन आपल्या जिल्ह्यांना नवे नाही. केळीच्या ठिबकाबाबत तर जळगावचे नाव देशभर झाले. पण तीन गोष्टी सांगणे जरूर आहे. पहिली, ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढवली, तर विहिरीला काहीच वाचले नाही. दुसरी, ठिबकात क्षार ओलाव्याच्या कडेला जमा होतात. पहिला हलका पाऊस ते मुळांकडे ढकलतो. म्हणून खारवट पाण्याच्या बागेत पहिल्या सरींच्या वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावे, म्हणजे क्षार मुळांपासून दूर राहतात. तिसरी, निचरा चांगला असेल तर अधूनमधून गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढावेत. निचरा नसलेल्या जमिनीत मात्र आधी चर काढावेत. शेणखत, हिरवळीचे खत आणि केळीच्या पानांचे आच्छादन यांनी बाष्पीभवन कमी होते आणि क्षार वर येणे मंदावते.

पाणी मुरवावे कसे?

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? गोडे पाणी वाढवण्याचा मार्ग एकच, पावसाचे पाणी जमिनीत घालणे. शेतातून वाहून जाणारे पाणी विहिरीत सोडायचे असेल तर दोन खड्डे करावेत. पहिल्यात गाळ बसू द्यावा. दुसऱ्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी आणि वर वाळू असे एकेक फुटाचे थर द्यावेत आणि तळाच्या पाइपाने पाणी विहिरीत न्यावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर काढून द्यावे. नुकतेच खत टाकलेल्या किंवा तणनाशक, कीटकनाशक फवारलेल्या शेतातले पाणी कधीही थेट विहिरीत सोडू नये. वाळूची गाळणी गाळ अडवते, विष अडवत नाही.

नाल्यांच्या कामासाठी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याचे काम पाहण्यासारखे आहे. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या गेल्या. पाणी न मुरू देणारा थर कोठे आहे, हे पाहून तेथे खोदाई झाली. यातील मर्म 'खोदा' यात नाही, 'थर पाहून खोदा' यात आहे. थर न पाहता केलेली खोदाई वरच्या विहिरींचे पाणी ओढून नेऊ शकते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने दुसरा मार्ग दाखवला. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले, तेव्हा डोंगरावरचे पाणी मुरले आणि विहिरी सुधारल्या. या कामाबद्दल २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. ते काम मोठे आहे. आपल्या बांधावरचे काम मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

हिशेब गावाचा हवा

शेवटचा मुद्दा. विहीर आपली असली तरी पाणी शिवाराचे असते. मी उपसा कमी केला आणि शेजाऱ्याने बोअर खोल नेले, तर माझा संयम फुकट जातो. यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजत. झळ सर्वांना सारखी बसे.

नदीच्या पाण्यासाठी जे जमले ते विहिरींसाठीही जमायला हवे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. पण कायदा प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. गावाने ठरवले तर पुढील गोष्टी याच हंगामापासून करता येतील. शिवारातील पाच-सहा विहिरी निवडून दर महिन्याला दोरीने पातळी मोजावी. त्याच विहिरींचे पाणी मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासावे. दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. आणि ऑक्टोबरची पातळी पाहून रब्बीचे आणि कांदेबागेचे क्षेत्र ग्रामसभेत ठरवावे.

फळ्यावर पातळी उतरताना आणि क्षार चढताना सर्वांना एकाच वेळी दिसले की कोणाला उपदेश करावा लागत नाही. येत्या मे महिन्यात आपल्या विहिरीची एक बाटली प्रयोगशाळेत द्या आणि आलेला कागद सातबाऱ्याइतकाच जपून ठेवा, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.